एक हजार लिटरमागे दोन युनिट: इंदुरातल्या बारा घरांच्या प्रकल्प नोंदी

इमारत राजेंद्र नगर भागातली. तळमजला अधिक तीन मजले, बारा बिऱ्हाडं, ४६ माणसं. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. खाली हौद, गच्चीवर टाक्या, मागच्या अंगणात एक बोरिंग. घरटी पाणी आणि वीज किती कमी करता येईल ते मोजून ठरवायचं, आणि जे कमी होईल त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो तेही याच वहीत लिहायचं, असं ठरलं आहे. कोणाला आपल्या इमारतीत हे करायचं असेल तर नोंदी उपयोगी पडाव्यात म्हणून मापं, सुटे भाग आणि अडचणी सविस्तर लिहिल्या आहेत.

३ मार्च. मोजणी

मोजल्याशिवाय काटकसर सुरू करायची नाही. हौद आतून ३ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद, म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली की ७५ लिटर गेले. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती कायमची आत उभी केली. रीडिंग चार वेळा घ्यायचं: नळ यायच्या आधी, नळ गेल्यावर, मोटर लावताना आणि मोटर बंद करताना. नळ चालू असताना मोटर लावायची नाही, नाहीतर आत आलेलं आणि वर गेलेलं यांचा हिशेब लागत नाही.

पट्टी पुरेशी असते, पण रोज कोणी वाकून पाहणार नाही. म्हणून मोटरच्या वर जाणाऱ्या पाइपवर दीड इंची मल्टिजेट पाणीमीटर बसवला. महानगरपालिकेच्या नळावर तो मुद्दामच बसवला नाही. नळ येताना आधी पाइपातली हवा सुटते, मीटर त्या हवेनेही फिरतो आणि आकडा फुगतो. मोटरच्या बाजूलाही क्रम महत्त्वाचा: मोटर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप), गाळणी, साधारण ४० सेंटिमीटर सरळ पाइप, मग मीटर. मीटर आडव्या पाइपवरच हवा. उभ्या पाइपवर बसवला तर आतल्या चाकाचं वजन एका बाजूला पडतं आणि कमी वाहणारं पाणी त्याच्या मोजणीत येत नाही.

पहिल्या आठवड्याची सरासरी: दिवसाला ९,३०० लिटर. माणशी २०२ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी १३५ लिटर आहे.

७ मार्च. पाण्यात किती वीज आहे

इंदूरचं नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून येतं. पहिला टप्पा १९७८ साली सुरू झाला. नर्मदेचं खोरं खाली आणि माळव्याचं पठार वर, त्यामुळे हे पाणी पाचशे मीटरच्या वर उचलावं लागतं. हिशेब शाळेतलाच आहे: १,००० किलो × ९.८१ × ५०० मीटर म्हणजे सुमारे ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १.९५. एक हजार लिटरमागे दोन युनिट.

तुलनेसाठी आमच्या मोटरचं पाहिलं. हौदातून गच्चीवर १८ मीटर उचलायला तत्त्वतः ०.०५ युनिट पुरे. लहान मोनोब्लॉक पंप निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया घालवतो, म्हणून प्रत्यक्षात ०.१३ च्या आसपास लागतात. बोरिंगमधून १२० मीटरवरून उचलायला ०.८ ते ०.९. म्हणजे घरातली मोटर कमी चालवली तर आपलं बिल थोडंसं उतरतं, पण खरी वीज घाटाखाली खर्च झालेली असते आणि ती आपल्या मीटरवर कधीच दिसत नाही. जबाबदारी तेवढीच दिसते जेवढी बिलावर छापलेली असते, ही सवय मोडायला हा आकडा कामाचा आहे. तो जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला.

बैठकीत एक मुद्दा निघाला: महानगरपालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) काढले ते जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठीच, मग पाणी उपसायला सूर्याची वीज मिळाल्यावर काटकसरीची गरज काय? गरज राहते. आपण वाचवलेलं सौर युनिट कोळशाच्या एखाद्या युनिटच्या जागी जातं. शिवाय उन्हाळ्यात नदीतून उचललेलं पाणी हे वीज कुठलीही वापरली तरी नदीतून उचललेलंच असतं.

१२ मार्च. गळती

त्यागाच्या आधी गळती. दोन-तीन घरांनी अंघोळ अर्धी करून जे वाचेल तेवढं एक बिघडलेला फ्लश रात्रीतून घालवतो.

फ्लशची तपासणी: टाकीत चमचाभर नीळ घालायची, वीस मिनिटं फ्लश ओढायचा नाही. भांड्यात निळसर धार उतरली तर तळाचं रबर गेलं. रबर बदलताना त्याखालची बैठक बोटाने चाचपून पाहावी. बोरिंगच्या पाण्याचा क्षार तिथे दाण्यासारखा बसतो, आणि त्यावर नवं रबर लावलं तरी ते गळतंच. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवलं की क्षार सुटतो. पत्र्याने खरवडू नये, बैठकीवर चरे पडतात.

नळाची गळती थेंब मोजून काढू नये, थेंबाचा आकार नळागणिक वेगळा. खाली मापाचा पेला दहा मिनिटं ठेवावा आणि आकड्याला १४४ ने गुणावं, दिवसाचं मिळतं. पेल्यात ५० मिलिलीटर म्हणजे दिवसाला सात लिटर.

सगळ्यात मोठी गळती मात्र गच्चीवर असते आणि ती कोणाच्या कानावर पडत नाही. टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) अडकला की पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट पावसाच्या पन्हळीत आणि तिथून गटारात. उपाय स्वस्त आहे: ओव्हरफ्लोचा पाइप वाढवून त्याचं तोंड फाटकाशी, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं काढायचं. एक इंची पीव्हीसी, दोन एल्बो, चार क्लॅम्प. पाणी पडायला लागलं की जाणारा माणूस हाक मारतो. ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर लावलेला असला तरी हे करावंच, कारण त्याच्या सळ्यांवर क्षाराचा थर बसतो आणि टाकी भरली तरी त्याला कळत नाही. सळ्या दर दोन महिन्यांनी पुसायच्या, तारीख टाकीवर खडूने लिहायची.

जुन्या दहा-बारा लिटरच्या फ्लश टाक्यांत पाण्याने भरलेली लिटरची बाटली उभी ठेवली. वीट ठेवू नये, ती झिजते आणि तिची रेती रबराखाली जाते. बाटली फ्लोटच्या दांड्याला लागत नाही ना, हे झाकण लावायच्या आधी दोनदा फ्लश ओढून पाहावं. आणि एवढ्या पाण्यात काम होत नसेल तर बाटली काढून टाकावी. दोनदा फ्लश ओढावा लागला तर बचत उलटीच होते.

१९ मार्च. रंगपंचमी

राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) आणि दुपारी घरोघरी रंग धुणं, मीटर आज सर्वांत जास्त फिरतो. चालण्यासारखं तेवढं: बाहेर पडण्याआधी अंगाला आणि केसांना खोबरेल, परत आल्यावर आधी कोरड्या फडक्याने रंग पुसून मग पाणी, आणि अंघोळीचं रंगीत पाणी टबात धरून फ्लशला. सण बंद करा असं कोणी सुचवलं नाही आणि आम्हीही सुचवणार नाही.

२४ मार्च. शिळं पाणी

नळ एक दिवसाआड येतो तिथे ही गोष्ट सगळीकडे चालते आणि कोणाच्या हिशेबात येत नाही. नळ यायच्या वेळेला घरातली कालची-परवाची भरलेली पिंपं, बादल्या, कळशा मोरीत ओतून रिकाम्या करायच्या आणि ताजं भरायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “शिळं आहे ते, काकू. ताजं आलंय ना आता.”

बारापैकी बहुतेक घरांत हे होतं. एका नळाच्या दिवशी घरटी ४० ते ८० लिटर, म्हणजे दोन ते चार बादल्या. बारा घरांचं साठ धरून ७२० लिटर, एक दिवसाआड. महिन्याला दहा-अकरा हजार लिटर. सत्तर किलोमीटरवरून घाट चढवून आणलेलं हे पाणी न वापरता ओतलं जातं.

खरी शंका आरोग्याची असते, त्यामुळे उत्तरही तिथेच द्यायला हवं. झाकलेल्या, स्वच्छ भांड्यातलं पाणी दोन दिवसांत नासत नाही. साठवणीत क्लोरीन मात्र उडून जातं, म्हणून पिण्यासाठी ते उकळावं किंवा फिल्टरमधून काढावं. धुणं, भांडी, फरशी, फ्लश यांना त्यात काहीच अडचण नाही. पाणी खराब करतो तो हात घालून बुडवलेला लोटा आणि उघडं तोंड. म्हणून तीन गोष्टी ठरल्या: पिंपाला तोटी, वरून झाकण आणि आळीपाळी. दोन पिंपं, एकावर आठवड्याच्या विषम दिवसांचं चिन्ह, एकावर सम. जे जुनं ते आधी वापरायचं, रिकामं झालेलं भरायचं. पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून आतून घासायचं, डासांच्या अळ्या आठ-दहा दिवसांत डास होतात म्हणून. घासायचं तेही पाणी तळाला गेलं असेल त्या दिवशी.

इथे कोणाला काहीच सोडावं लागत नाही, फक्त एक समजूत सोडावी लागते. तीच सोडणं सर्वांत जड गेलं. आजींना पटलं तेव्हा घराला पटलं.

२ एप्रिल. एरेटर

आधी नळाचा वेग मोजा: लिटरची बाटली किती सेकंदांत भरते. पाच सेकंद म्हणजे मिनिटाला १२ लिटर, हात धुवायला याच्या पाव हिश्श्यात भागतं. बेसिनला ३ लिटरचे आणि स्वयंपाकघरात ६ लिटरचे एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी नळाची जाळी) लावले. विकत घेताना नळाचं तोंड घेऊन जावं, आटे आतले की बाहेरचे यावरून दुकानात घोळ होतो.

तिसऱ्या मजल्यावर लावले नाहीत. तिथे टाकीचं पाणी नळापासून जेमतेम तीन मीटर उंचीवर, दाब ०.३ बार. एरेटर एक बारच्या दाबाला धरून बनतात, इथे नुसती करंगळीएवढी धार येते. मग माणूस चिडून जाळी काढून फेकतो आणि पुढे कुठल्याच सूचनेला दाद देत नाही. गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरात शॉवरची धार फार बारीक करू नये, गीझरला पेटायला ठरावीक प्रवाह लागतो, तो नसला की ज्योत लागत नाही आणि थंड पाणी वाहत राहतं.

अंघोळीला वीस लिटरची बादली. शॉवर मिनिटाला नऊ लिटर सोडतो, दहा मिनिटांत साडेचार बादल्या होतात.

९ एप्रिल. आरओ

टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) पेनने दोन्ही पाणी मोजलं. नर्मदेचं २१० च्या आसपास, बोरिंगचं ८६०. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की टीडीएस ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओची गरज नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकतो. जिथे पिण्याला फक्त नर्मदेचं पाणी आहे तिथे आरओ बंद करून यूव्ही किंवा उकळणं पुरेल. टीडीएस म्हणजे क्षार, जंतू त्यात मोजले जात नाहीत, हे विसरू नये. पेनने दोनशे दाखवलं म्हणून पाणी निर्जंतुक झालं असं समजू नये.

पाच घरांनी पिण्याची नर्मदेची लाइन वेगळी केली आणि आरओ काढला. ज्यांचा राहिला त्यांचं टाकाऊ पाणी धरायचं. ते फरशी पुसायला, भांड्यांच्या पहिल्या विसळणीला, फ्लशला चालतं. कुंड्यांना रोज घालू नये. मूळ पाणी क्षारयुक्त असेल तर टाकाऊ पाणी आणखी क्षारयुक्त असतं, मातीवर पांढरी साय येते आणि झाड मरगळतं.

११ एप्रिल. बादल्या कोण उचलतं

टाकाऊ पाणी धरायला बादली ठेवली की ती भरल्यावर कोणीतरी उचलून न्यावी लागते. पाहिलं तर बहुतेक घरांत ती उचलणारी कामाला येणारी मावशी. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो, आणि तिच्या दिवसात अशी चार-पाच घरं. काटकसरीचं श्रेय घराचं आणि पाठदुखी तिची, याला आम्ही त्याग मानत नाही.

नियम ठरला: ज्या बचतीत कोणाला ओझं उचलावं लागतं ती बचत तशी चालवायची नाही. त्याऐवजी आरओची पाव इंची नळी खिडकीतून काढून थेट भांडी घासायच्या ओट्यालगतच्या ड्रममध्ये सोडली. ड्रम कमरेच्या उंचीवर, विटांच्या चौथऱ्यावर, खाली तोटी. नळीला कुठेही वर चढ येऊ द्यायचा नाही आणि तिचं तोंड पाण्यात बुडू द्यायचं नाही. मागून दाब आला तर मेंब्रेनवर ताण येतो. तोटी उघडली की पाणी ओट्यावर, उचलणं नाही. वॉशिंग मशीनच्या शेवटच्या खंगाळणीचं पाणीही असंच उतारावर ठेवलेल्या ड्रममध्ये.

आणि मावशींना विचारून ड्रमची जागा ठरवायची. एका घरात ओट्याच्या डाव्या हाताला ठेवला होता, “अहो ताई, उजव्या हाताला असू द्या, पाणी घेताना वळावं लागतं,” असं त्या म्हणाल्या, तो हलवला. आता ड्रम रोज रिकामा होतो.

३० एप्रिल. पहिला मोठा हिशेब

मीटरवर दिवसाचे ६,४०० लिटर. माणशी १३९. दिवसाला २,९०० लिटर कमी, महिन्याला ८७ हजार लिटर. सगळं नर्मदेचं धरलं तर महिन्याला १७४ युनिट. बोरिंगचा वाटा त्यात असतोच, त्यामुळे हा वरचा आकडा समजावा.

देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १२२ किलो, माणशी पावणेतीन किलोच्या आत. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर २.३ किलो निघतो. सरळ सांगायचं तर एवढ्या सगळ्या खटाटोपाचा कार्बनमधला अर्थ माणशी महिन्याला लिटर-सव्वा लिटर पेट्रोल.

हे लपवून ठेवण्यासारखं नाही, सर्वांना सांगितलं. पाणी वाचवायचं ते पाण्यासाठी: उन्हाळ्यात टँकर मागवावा लागू नये म्हणून, बोरिंग आटू नये म्हणून, घाटाखालच्या नदीत थोडं जास्त राहावं म्हणून. हवेसाठी काही सोडायचं असेल तर स्कूटर आणि एसी यांच्याकडे वळायला हवं. बादलीने अंघोळ करून मन निर्मळ झालं आणि तेवढ्यात भाजी आणायला अर्ध्या किलोमीटरवर गाडी काढली, तर हिशेब जुळत नाही. आठवड्यातून चार लहान फेऱ्या पायी केल्या की त्या पेट्रोलचा काही भाग निघून येतो. यातल्या कोणत्या फेऱ्या ज्याने त्याने सोडायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. गुडघे दुखणाऱ्या काकांना चालायला सांगणं हा प्रकल्प नाही.

६ मे. कूलर की एसी

कूलर पाणी पितो म्हणून एसी बरा, असं पाणी वाचवायला निघालेल्या घरांतूनच ऐकू येतं. हिशेब उलटा आहे. डेझर्ट कूलर कोरड्या उन्हाळ्यात तासाला साधारण आठ लिटर पाणी उडवतो. हजार लिटरला दोन युनिट या दराने ते ०.०१६ युनिट. त्याचा पंखा आणि पंप मिळून सुमारे २०० वॅट. म्हणजे तासाला ०.२२ युनिटच्या आत. दीड टनी एसी कॉम्प्रेसर चालू असताना एक ते दीड युनिट घेतो. इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर निर्विवाद पुढे. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तो निरुपयोगी होतो, तेव्हा पंखाच.

कूलर नीट चालायला: मागची खिडकी उघडी आणि समोरचं दारही थोडं उघडं, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो आणि गारवा लागत नाही. गवताचे पॅड दर उन्हाळ्याला बदलायचे. बोरिंगचं पाणी असेल तर क्षार साठून पॅड दगडासारखे होतात, म्हणून टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकायचं. डासांसाठीही हेच. काढलेलं पाणी फरशीला किंवा फ्लशला.

ज्या घरांत लहान बाळ किंवा दम्याचा रुग्ण आहे आणि एसी लावावाच लागतो, तिथे तो २४ वरून २७ वर आणि सोबत पंखा. प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. रात्री सहा-सात युनिट घेणाऱ्या एसीत तीन अंशांचे सव्वा युनिट, महिन्याला ३६-३७. सुमारे २५ किलो कार्बन, म्हणजे त्या घराच्या पाण्याच्या सगळ्या बचतीच्या अडीचपट. पंधरा दिवसांतून एकदा जाळी धुवायची, धुळीने भरलेली जाळी हे सगळं खाऊन टाकते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा. आतून लावलेला पडदा तापतो आणि उष्णता खोलीतच सोडतो.

२७ मे. कचरा

इंदूरकरांना वर्गीकरण शिकवायला नको. एवढंच: शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो, फेब्रुवारी २०२२ पासून तिथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करण्याची सोय आहे. म्हणून इमारतीत खताचे ड्रम बसवण्याचा प्रस्ताव आम्ही घेतला नाही, ती मेहनत गच्चीच्या पाण्यावर लावली. ओल्या कचऱ्यातलं पाणी निथळून टाकायचं आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा त्यात जाऊ द्यायचा नाही. तो तुकडा सर्वांत जास्त सापडतो. पिशवी कापताना कोपरा लोंबता ठेवला की तो सुटून पडत नाही.

४ जून. गच्चीचं पाणी बोरिंगमध्ये

गच्ची २,४०० चौरस फूट, म्हणजे २२३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ९५० मिलिमीटर धरून आणि वीस टक्के घट काढून १ लाख ७० हजार लिटर. आमच्या सध्याच्या वापराचे २६ दिवस. वर्षभराचं पाणी गच्चीवर मिळतं असं कोणी सांगत असेल तर ठामपणे आकडा विचारावा.

आधी बोरिंग पाणी घेतं का ते पाहायचं. दोरीला वजन बांधून पातळी मोजा, हजार लिटर सोडा, पातळी मूळ जागी यायला किती वेळ लागतो ते टिपा. आमच्याकडे पाऊण तास. दिवसभर हललीच नाही तर तिथे पुनर्भरण करून उपयोग नाही. नुसता शोषखड्डा काळ्या मातीत बसत नाही: ती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. खड्डा करायचाच असेल तर काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा.

फिल्टर शेजारच्या देवासचा, तिथल्याच नावाने ओळखला जातो. १४० मिलिमीटर व्यासाचा, १.२ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप आडवा, आत जाळ्यांनी तीन कप्पे: पहिल्यात २ ते ६ मिलिमीटरचे गोटे, दुसऱ्यात ६ ते १२, तिसऱ्यात १२ ते २०. गोटे बादलीत पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवावेत, नाहीतर पहिल्या पावसात त्यांचीच माती बोरिंगमध्ये जाते. प्रत्येक उतरत्या पाइपला एक. दोन्ही टोकांना आट्यांची टोपी, चिकटवलेली नको, कारण पहिला कप्पा दर पावसाळ्यात उघडावा लागतो.

पहिलं पाणी वळवणं हा यातला कळीचा भाग. गच्चीवर पहिल्या एक मिलिमीटर पावसात धूळ आणि कबुतरांची घाण धुऊन येते, ते सुमारे २२३ लिटर. त्यासाठी पाइपचा तुकडा लटकवून भागत नाही, ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे जेमतेम नऊ लिटर मावतात. दर उतरत्या पाइपला सव्वाशे लिटरचा एक ड्रम लावला. ड्रम भरला की पुढचं पाणी फिल्टरकडे. ड्रमच्या तळाला अगदी किंचित उघडी तोटी, एका दिवसात रिकामा होऊन पुढच्या सरीसाठी तयार.

फिल्टरच्या आधी ओव्हरफ्लो टी (जादा पाणी बाहेर सोडणारा टी आकाराचा जोड) ठेवला. तासाला ६० मिलिमीटरची सर आली तर सेकंदाला साडेतीन लिटरच्या वर पाणी उतरतं, तेवढं फिल्टर घेत नाही आणि गच्चीवर तळं साचतं. बोरिंगच्या केसिंगमध्ये (वरच्या बाहेरच्या पाइपात) पाइप वरून, टोपीखालून घातला आणि टोपीत अर्ध्या इंचाची हवेची नळी, तोंडावर जाळी. हवेला वाट नसेल तर पाणी खाली न जाता उलट फिरतं.

अंगणातलं, गाड्या धुतलेलं, मोरीचं कुठलंही पाणी यात जोडायचं नाही. फिल्टर गाळ अडवतो, तेल आणि जंतू अडवत नाही. माळव्याच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून सरकतं, आपण सोडलेली घाण चार घरांपलीकडच्या बोरिंगमध्ये निघू शकते. आपण सोडलेलं चांगलं पाणीही तसंच तिकडे जाईल. ते आपल्यासाठी साठवलं असं मानून कोणी बोरिंग जास्त चालवू नये.

२३ जून

पहिल्या दोन सरी. एका ड्रमची तोटी पानाने तुंबली, ड्रम भरलेलाच राहिला आणि दुसऱ्या सरीची धूळ थेट फिल्टरमध्ये गेली. तोटीच्या आतल्या तोंडावर स्टीलची चहाची गाळणी उलटी बसवली. गच्चीवरच्या पाइपांच्या तोंडांना जाळीची टोपरी.

१५ जुलै

पहिला कप्पा उघडून धुतला. काळपट गाळ फक्त पहिल्या वीतभर गोट्यांत, पुढचे कप्पे स्वच्छ.

६ सप्टेंबर. विसर्जन

शाडूच्या मूर्ती घरातच बादलीत. रंग नैसर्गिक असेल तर रात्रभरात विरघळून माती तळाला बसते, वरचं पाणी आणि माती दोन्ही कुंड्यांत. प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, तिच्यासाठी बादली भरून ठेवून उपयोग नाही. निर्माल्य महानगरपालिकेच्या गाडीत, फुलं दोऱ्यातून काढून.

१४ सप्टेंबर. पुढची कामं

वापर ६,३०० च्या आसपास स्थिर. दोन घरं बाकीच्यांच्या दुप्पट वापरतात असं संध्याकाळच्या मोटरच्या वेळांवरून वाटतं, पण घरटी मीटर नाही आणि एका घरात चार-चार उभ्या लाइन उतरतात, म्हणजे घरामागे चार मीटर. ते परवडणारं नाही. त्याऐवजी गच्चीवरून निघणाऱ्या प्रत्येक लाइनवर एक मीटर, एकावर एक असलेल्या घरांच्या रांगेचं पाणी कळेल आणि संशय एका घरावर जाणार नाही. आठ मीटर लागतील. नावं फलकावर लावायची नाहीत, रांगेचा आकडा त्या रांगेतल्या घरांनाच द्यायचा.

नव्या भाडेकरूंना देण्याचा कागद तयार करायचा: मोटरची वेळ, पिंपांची आळीपाळी, ओव्हरफ्लो दिसला तर कोणती चावी फिरवायची. चावीला लाल रंग द्यायचा राहिला आहे.